मोड

घोडपदेवच्या नाक्यावरचं यंत्र आम्ही काढलं
मार्चमधल्या एका मंगळवारी,
मी आणि विल्सन डाबरे.
सात वर्षं आम्हीच त्याला भरवत होतो,
अर्धा आकडा त्याच्या डोक्यात, अर्धा माझ्या,
दोघांशिवाय दार उघडायचं नाही.
शेवटी पेटीत शंभराच्या एकोणीस नोटा निघाल्या.
मोजल्या, सही केली.
लादीत रुतलेले चार बोल्ट तेवढे निघाले नाहीत.

काचेवर कागद चिकटवला:
जवळचे केंद्र, लालबाग.
जवळचे म्हणजे कोणाच्या जवळचे
ते छापायला जागा नव्हती.

तिथेच पायरीशी द्वारका घाडीगावकर बसते.
मटकी, मूग, वाल,
रात्रभर फडक्यात आवळलेले,
सकाळी शेपट्या फुटलेले.
मोड घ्या, म्हणते.
पाचशेची नोट दिसली की म्हणते, मोड नाही.

मुलाने तिच्या टोपलीला ठिपक्याठिपक्यांचा चौकोन लावून दिलाय
आणि बाजूला एक बोलका डबा.
गिऱ्हाईक फोन धरतं, डबा ओरडतो,
वीस रुपये प्राप्त झाले.
ती डब्याकडे बघते
शेजारणीच्या पोराचे मार्क ऐकावेत तशी.
खातं मुलाचं. मुलगा नालासोपाऱ्याला.
"प्राप्त झाले," मला म्हणाली, "पण माका नाय."

तिच्या नावावर फक्त पेन्शन.
पाच तारखेला ती यंत्रासमोर उभी राहायची,
दुधाच्या पिशवीतून कार्ड काढून,
आणि पायरीवर बसून वाटे घालायची:
खोलीचं भाडं, गुडघ्याच्या गोळ्या,
आणि एक घडी कनवटीला
जिची नोंद कुणाच्याच स्क्रीनवर उमटत नव्हती.
आता लालबागला जायचं तर टॅक्सी.
"माझेच पैसे हाडूक माझेच पैसे जातत."
यावर आमच्या कंपनीकडे छापील उत्तर आहे.
मी ते दिलं नाही.

माझी एक गोष्ट सांगायची राहिली.
मागच्या दिवाळीच्या आधी
गाडीत एक्केचाळीस लाख होते,
माझा फोन मेलेला, खिशात दमडी नाही,
पहाटेपासून पोटात काही नाही.
पेटीतली एक नोट हलवावीशी वाटलीच नव्हती
असं खोटं कशाला बोलू.
द्वारकाने दहाची नोट पुढे केली,
ओली, मटकीच्या वासाची. "चाय पी."
टपरीवाल्याने ती किटलीच्या पोटाला चिकटवून वाळवली,
मग गल्ल्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, मुलाचा नंबर दे, दहा रुपये टाकतो.
"टाकू नको," म्हणाली. "दी."

यंत्र गेल्यावर एकदा तिने कार्ड माझ्या हातात ठेवलं,
आकडा सांगू लागली.
मी कान झाकले.
सात वर्षं अर्ध्या आकड्यावर जगलेला माणूस,
अख्खा मला झेपायचा नाही.
कंपनीच्या गाडीत तिला बसवता येत नाही.
म्हणून पाच तारखेला सुट्टी टाकतो,
आम्ही चालत जातो, पुलाखालून,
दोनदा बसत. ती आत जाते,
मी दाराकडे पाठ करून उभा राहतो,
सवयीने रस्त्यावर नजर ठेवून.

यंत्राच्या जागी आता फोनची कव्हरं विकतात.
एका बोल्टला ती छत्रीची दोरी बांधते.

परवा संध्याकाळी नेटवर्क गेलं.
डबा मुका. फोन वर धरून माणसं
आभाळाला दाखवत होती.
"न्या, उद्या द्या," करत तिने निम्मी टोपली वाटली.
मग एका पोरीने फोनच्या कव्हरमागून
कधीची जपलेली पाचशेची घडी काढली,
उलगडताना चिरकली ती.
द्वारकाने माझ्याकडे पाहिलं.
मोड आहे?

होती.
शर्टाच्या वरच्या खिशात, दहा-दहाची, रबर लावून.
मोजताना बोटाला थुंकी लावली,
यंत्राला कधी लावावी लागली नव्हती.